खिळ्यांचे भाले आणि दगडी आडोसा : ‘बटाव्हिया’च्या शिपायांची छावणी, १६२९

युरोपातल्या लोकांनी ऑस्ट्रेलियात बांधलेलं आणि आजही जागेवर उभं असलेलं सगळ्यांत जुनं बांधकाम कोणतं, असं विचारलं तर साहजिकच सिडनीचं नाव डोळ्यांसमोर येतं. इंग्रजांची वसाहत तिथे १७८८ मध्ये झाली. पण या प्रश्नाचं उत्तर सिडनीत नाही. ते आहे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे, भर समुद्रातल्या एका निर्जन बेटावर, आणि सिडनीच्या १५९ वर्षं आधीचं आहे. चुनखडीच्या सपाट लाद्या एकीवर एक रचून केलेल्या, चुना-माती न वापरलेल्या बुटक्या भिंती. अशी दोन बांधकामं आहेत, एक किनाऱ्यालगत आणि एक आत. ती ना गवंड्यानं बांधली, ना कुठल्या सरकारनं. १६२९ साली, म्हणजे शिवजन्माच्या आदल्या वर्षी, फुटलेल्या जहाजावरून वाचलेल्या काही डच शिपायांनी ती जीव वाचवण्यासाठी रचली.

आज आपण या तात्पुरत्या छावणीची गोष्ट समजून घेणार आहोत. लष्करी छावणी म्हटलं की आपल्याला तंबू, तोफा, अधिकारी आठवतात. इथे यातलं काहीही नव्हतं. मग छावणी टिकली कशाच्या जोरावर, हा आपला मुख्य प्रश्न.

जहाज आणि त्यावरची उतरंड

‘बटाव्हिया’ हे डच ईस्ट इंडिया कंपनीचं नवं कोरं जहाज. ऑक्टोबर १६२८ मध्ये ते हॉलंडमधून पहिल्याच सफरीवर निघालं. जायचं होतं जावा बेटावरच्या बटाव्हिया शहरात, म्हणजे आजच्या जकार्ताला. जहाजात कंपनीच्या व्यापारासाठी चांदीच्या नाण्यांच्या पेट्या होत्या आणि सुमारे ३२० माणसं होती : खलाशी, शिपाई, व्यापारी, एक पाद्री, काही बायका आणि मुलंसुद्धा.

कंपनीच्या जहाजाची एक गोष्ट इथे लक्षात घ्या. त्यावर सर्वोच्च अधिकार जहाज हाकणाऱ्या कप्तानाचा नसे, व्यापाऱ्याचा असे. या जहाजावरचा मुख्य व्यापारी होता फ्रान्सिस्को पेल्सार्ट. हा माणूस आपल्याकडे बरीच वर्षं राहून गेलेला. जहांगीर बादशहाच्या काळात तो आग्र्याच्या डच वखारीत होता आणि तिथल्या व्यापाराबद्दल, लोकांच्या राहणीबद्दल त्यानं लिहिलेला अहवाल आजही मोगल काळाचे अभ्यासक वाचतात. कप्तान होता आरियान याकॉब्स. या दोघांचं पूर्वी सुरतेच्या बंदरात कडाक्याचं भांडण झालेलं होतं, आणि कंपनीनं दोघांना एकाच जहाजावर घातलं. तिसरा माणूस म्हणजे दुय्यम व्यापारी येरोनिमस कॉर्नेलिस. हार्लेम शहरात त्याचं औषधांचं दुकान होतं, ते बुडाल्यावर तो कंपनीच्या नोकरीत शिरला होता.

आणि शिपाई? ते उतरंडीच्या तळाला. जहाजाच्या खालच्या, ठेंगण्या, अंधाऱ्या मजल्यावर त्यांना कोंबलेलं असे. ठरावीक वेळीच वर मोकळ्या हवेत सोडत. त्यांच्यातच विबे हायेस नावाचा एक तरुण शिपाई होता, ग्रोनिंगेन प्रांतातल्या विन्सखोटन गावचा. अधिकारी वगैरे काही नाही, साधा शिपाई. हे नाव लक्षात ठेवा.

४ जून १६२९

त्या काळात डच जहाजं आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून, दक्षिणेकडच्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांवर थेट पूर्वेला जात आणि मग उत्तरेला जावाकडे वळत. वेळ खूप वाचे. पण कधी वळायचं हे कळायला आपण पूर्वेला किती आलोय ते माहीत हवं, आणि भर समुद्रात रेखांश अचूक काढायचं साधन तेव्हा कुणाकडेच नव्हतं. सगळा मामला अंदाजाचा. वळायला उशीर झाला की समोर ऑस्ट्रेलियाचा किनारा.

४ जूनच्या पहाटे अंधारात टेहळ्याला पुढे पांढरा फेस दिसला. त्यानं तसं सांगितलं. कप्तान म्हणाला, लाटांवर चांदणं पडलंय. थोड्याच वेळात जहाज प्रवाळाच्या खडकावर चढलं. ही जागा म्हणजे हाउटमन आब्रोल्होस नावाचा बेटांचा पुंजका. जवळपास ४० माणसं बुडाली. बाकीच्यांपैकी बहुतेकांना जवळच्या एका बेटावर नेऊन उतरवलं. आज त्याला बीकन बेट म्हणतात. प्रवाळाच्या चुऱ्याचं, जेमतेम ४०० मीटर लांबीचं, झाड नाही की झरा नाही.

पेल्सार्टनं आसपासच्या बेटांवर पाणी शोधलं. पुरेसं गोडं पाणी मिळालं नाही. मग तो, कप्तान आणि आणखी काही असे एकूण ४८ जण मोठ्या होडीतून निघाले आणि मदत आणण्यासाठी थेट जावाकडे गेले. उघड्या होडीतून महिन्याभराचा तो प्रवास त्यांनी पार केला आणि त्यात एकही माणूस दगावला नाही. पण मागे राहिलेल्यांच्या दृष्टीनं काय झालं? मुख्य व्यापारी गेला, कप्तान गेला. दर्यावर्दी मंडळींतले अनुभवी लोक गेले. पहिल्या काही दिवसांत बेटावर माणसं तहानेनं मेली. मग पाऊस आला म्हणून उरलेले तगले.

अधिकार कुणाच्या हातात गेला

कॉर्नेलिस अजून फुटक्या जहाजावरच होता. जहाजाचे तुकडे व्हायला लागले तेव्हा, आठवड्याहून जास्त दिवसांनी, तो बेटावर आला. आता कंपनीच्या नियमानं सगळ्यांत वरच्या हुद्द्याचा माणूस तोच. लोकांनीही त्याला आनंदानं पुढारी मानलं. यात कुणाचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. नियम तसाच होता.

पुढे चौकशीत जे बाहेर आलं ते असं. जहाज फुटायच्या आधीच कप्तान आणि कॉर्नेलिस यांच्यात जहाज बळकावण्याचं संगनमत झालं होतं. आता कॉर्नेलिसचा बेत होता की सोडवायला जे जहाज येईल ते ताब्यात घ्यायचं आणि चाचेगिरी करायची. त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या : तोंडं कमी व्हायला हवीत, म्हणजे अन्नपाणी पुरेल, आणि विरोध करू शकणारी माणसं दूर जायला हवीत. इथे एक सावधगिरीची सूचना देतो. त्या चौकशीत कबुलीसाठी छळ करण्याची पद्धत होती, त्यामुळे बेताच्या तपशिलांबद्दल थोडं जपूनच बोलावं. पण माणसं मारली गेली यात शंका नाही, आणि त्या बेटावरच्या उत्खननांत त्या दिवसांतली दफनं सापडली आहेत.

विरोध करू शकणारे कोण? शिपाई. म्हणून कॉर्नेलिसनं हायेस आणि सुमारे २० शिपायांना दूरच्या, जरा उंच दिसणाऱ्या बेटांवर पाणी शोधायला पाठवलं. शस्त्रं दिली नाहीत. पाणी मिळालं तर धूर करा, होडी पाठवतो, असं सांगितलं. पेल्सार्टला पाणी मिळालं नव्हतं, तेव्हा यांनाही मिळणार नाही, हा त्याचा हिशेब होता. म्हणजे ही तुकडी मरायलाच पाठवली होती.

आधी पाणी, मग छावणी

हिशेब चुकला. जवळपास २० दिवसांच्या शोधानंतर हायेसच्या माणसांना पाणी सापडलं. त्यांनी ठरल्याप्रमाणे धूर केला. होडी आली नाही.

पाणी तिथे कसं, हे थोडं समजून घेऊ. बीकन बेट हे प्रवाळाचा नुसता ढीग आहे. पश्चिम वॉलबी बेट, जिथे ही छावणी झाली, ते बरंच मोठं आणि चुनखडीचं आहे. चुनखडीत भेगा आणि पोकळ्या असतात. पावसाचं पाणी त्यातून झिरपतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते खाली साचलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. कोकणात समुद्राच्या अगदी लगत गोड्या पाण्याच्या विहिरी असतात, त्यामागचं तत्त्वही हेच. पण अशी पोकळी नेमकी कुठे आहे हे वरून फिरणाऱ्याला दिसत नाही. चिकाटीनं शोधावं लागतं.

पाण्यासोबत अन्नही मिळालं. मासे होते, समुद्रपक्ष्यांची अंडी होती आणि एक अजब प्राणी होता : मांजरापेक्षा थोडा मोठा, मागच्या पायांवर उड्या मारणारा, पोटाच्या पिशवीत पिल्लू वागवणारा. कांगारूच्या कुळातला हा वॉलबी. हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती तेव्हा ही बेटं मुख्य भूमीला जोडलेली होती. पाणी चढलं, आणि हे प्राणी बेटावर अडकून राहिले. पेल्सार्टनं पुढे त्यांचं जे वर्णन लिहिलं ते युरोपीय माणसानं केलेल्या अगदी सुरुवातीच्या वर्णनांपैकी आहे.

आता विरोधाभास पाहा. ज्यांच्याकडे शस्त्रं, होड्या, दारू, भरजरी कापड होतं, ते तहानलेले. आणि ज्यांना उघडंबोडकं सोडलं, ते पोटभर जेवत होते.

शिपायांची तुकडी लष्कर कधी झाली

जुलैच्या सुरुवातीला बीकन बेटावर खुनाचं सत्र सुरू झालं. आधी गुपचूप, मग उघड. आजारी माणसं, बायका, मुलं, कुणालाच सोडलं नाही. पाद्री बास्तियान्स यांची बायको आणि एक मुलगी वगळता बाकीची सगळी मुलं एका रात्रीत मारली गेली. एकूण बळी शंभराच्या वर गेले. जी थोडी माणसं निसटली ती फळ्यांचे तराफे करून किंवा हाती लागेल त्या होडीतून हायेसच्या बेटावर पोचली. त्यांच्याकडूनच हायेसला कळलं की धुराला उत्तर का आलं नाही.

माझ्या मते छावणी खऱ्या अर्थानं या क्षणी उभी राहिली. तोवर ती पाणी शोधणारी टोळी होती. आता तिला शत्रू कोण ते कळलं, त्याच्याकडे काय आहे ते कळलं, आणि तो येणार हेही कळलं. पळून आलेल्यांना तिनं सामावून घेतलं. माणसं २० वरून ४५ च्या पुढे गेली. तिकडे कॉर्नेलिस माणसं मारून संख्या कमी करत होता आणि इकडे माणसं घेऊन संख्या वाढत होती. पाणी असल्यामुळे इकडे नवीन माणूस म्हणजे ओझं नव्हतं, दोन हात जास्त होते.

शस्त्रं नव्हती, ती बनवली. फुटक्या जहाजाचं लाकूड लाटांबरोबर किनाऱ्याला लागत होतं. त्यातले लांबलचक खिळे काढून काठ्यांना बसवले, भाले झाले. दगडांच्या राशी हाताशी ठेवल्या. लाद्या रचून आडोसे बांधले. किनाऱ्याजवळचं बांधकाम अशा जागी आहे की जिथून येणारी होडी बरीच आधी दिसते, आणि आतलं पाण्याच्या आसऱ्यानं आहे. त्याला कुणी किल्ला म्हणतात. शब्द मोठा आहे; वारा आणि बंदुकीची गोळी अडेल एवढाच तो आडोसा. पण बेटाभोवती उथळ पाणी आणि निसरडा खडक पसरलेला आहे. हल्लेखोरांना होडी सोडून त्यातून चालत यावं लागे. खरा तट तो होता.

चार प्रयत्न

कॉर्नेलिसनं आधी फूट पाडून पाहिली. हायेसच्या माणसांत काही फ्रेंच शिपाई होते. त्यांना फितवणारं पत्र त्यानं एका माणसाबरोबर पाठवलं. हायेसनं त्या माणसाला पकडलं आणि पत्र जपून ठेवलं. याकडे आपण परत येऊ.

मग जुलैच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या सुरुवातीला दोन हल्ले झाले. दोन्ही फसले. दमलेली माणसं पाण्यातून चालत येतायत आणि किनाऱ्यावर दुप्पट लोक भाले घेऊन उभे आहेत, असा तो प्रकार होता.

२ सप्टेंबरला कॉर्नेलिस स्वतः आला, तहाची बोलणी करायला. पाद्रीबुवांना मध्यस्थ केलं होतं. शिपायांचे कपडे फाटले होते, म्हणून कापड देऊ केलं. बोलणी चालू असताना त्याचे साथीदार शिपायांना पैशांचं आमिष दाखवू लागले. हायेसच्या लोकांनी झडप घातली. कॉर्नेलिस कैद झाला, त्याचे जवळचे साथीदार मारले गेले, आणि वाउटर लोस नावाचा एक शिपाई निसटला. ज्यानं स्वतःला ‘कॅप्टन-जनरल’ म्हणवून घेतलं होतं त्याला एका खड्ड्यात ठेवून जेवणासाठी पक्ष्यांची पिसं काढायच्या कामाला लावलं.

शेवटचा हल्ला लोसनं १७ सप्टेंबरला केला, आणि तो सगळ्यांत धोक्याचा होता. त्यानं बंदुका लांबून वापरल्या, जवळ यायची घाई केली नाही. चार माणसं जबर जखमी झाली, त्यातला एक पुढे मेला. खिळ्यांच्या भाल्यांना याला उत्तर नव्हतं. हे असंच काही तास चाललं असतं तर छावणी पडली असती. नेमकं तेव्हा क्षितिजावर शीड दिसलं. पेल्सार्ट ‘सारडाम’ नावाचं जहाज घेऊन परतला होता. बेटं पुन्हा शोधण्यातच त्याचे ६३ दिवस गेले होते.

आणि मग शर्यत लागली. बंडखोरांना जहाज बळकावायचं होतं, हायेसला जहाजाला सावध करायचं होतं. पेल्सार्टला काहीच माहीत नव्हतं. तो धूर पाहून, लोक जिवंत आहेत या आनंदात, पाणी आणि पाव घेऊन बेटावर उतरत होता. हायेस होडी वल्हवत आधी पोचला आणि त्यानं त्याला तसंच जहाजावर परत जायला सांगितलं. थोड्या वेळानं जरतारी लाल कपडे घातलेले हत्यारबंद लोक होडीतून आले, तेव्हा जहाजावरच्या तोफा त्यांच्यावर रोखलेल्या होत्या. त्यांनी शस्त्रं समुद्रात टाकली.

२ ऑक्टोबरला कॉर्नेलिस आणि सहा जणांना तिथल्याच एका बेटावर फाशी दिलं. लोस आणि आणखी एका पोराला मुख्य भूमीवर सोडून दिलं. पुढे त्यांचं काय झालं ते कुणाला कळलं नाही.

बंडखोर कोण?

आता त्या जपून ठेवलेल्या पत्राकडे येऊ. जरा कायद्याच्या नजरेनं पाहा. बेटावर कंपनीचा सर्वांत वरचा अधिकारी कॉर्नेलिस होता आणि हायेस साधा शिपाई. अधिकाऱ्याचा हुकूम न मानणं, त्याच्या माणसावर भाला उगारणं, शेवटी त्याला कैद करणं : कागदावर हे बंडच ठरतं. हायेसला हे कळत नसेल असं मानायला जागा नाही, कारण कंपनीत अशा गुन्ह्याला फाशी होती.

कॉर्नेलिसनं मात्र कंपनीचा आधार स्वतःच सोडला. त्यानं कंपनीच्या हुद्द्याऐवजी नवा किताब घेतला आणि माणसांकडून स्वतःशी इमान राखण्याच्या शपथेवर सह्या करून घेतल्या. हायेसनं उलट केलं. नवा हुद्दा घेतला नाही, पत्र पुरावा म्हणून सांभाळलं, कॉर्नेलिसला ठार न करता चौकशीसाठी जिवंत ठेवलं. जो अधिकार तिथे हजर नव्हता, परत येईल की नाही याची खात्री नव्हती, त्याच्यापुढे आपल्याला एक दिवस हिशेब द्यायचा आहे अशा तऱ्हेनं ही छावणी वागली. माझ्या मते तिच्या टिकण्यामागे पाण्याइतकाच या वागण्याचा वाटा आहे. ४५ उपाशी नसलेली माणसं एकत्र असली तरी त्यांची टोळी होऊ शकते. समोरच्या बेटावर तेच झालं होतं, आणि ती माणसं याच जहाजावरची, यांच्याच ताटातली होती.

पेल्सार्टनं हायेसला तिथल्या तिथे सार्जंट केलं, बटाव्हियात त्याला आणखी बढती मिळाली. त्यानंतर कागदपत्रांत त्याचं नाव येत नाही. पेल्सार्ट पुढच्याच वर्षी वारला. फुटलेलं जहाज १९६३ मध्ये सापडलं आणि त्याचे अवशेष आज फ्रीमँटलच्या संग्रहालयात आहेत. भिंती बेटावरच आहेत.

‘बटाव्हिया’ची गोष्ट सहसा कॉर्नेलिसच्या क्रौर्याची गोष्ट म्हणून सांगतात. त्याच्यावर पुस्तकं आहेत, नाटकं आहेत. त्या मानानं दुसऱ्या बेटाबद्दल कमी बोललं जातं, कारण तिथे घडलं ते कंटाळवाणं वाटतं : पाणी शोधलं, अंडी गोळा केली, दगड रचले, पहारा दिला, कागद सांभाळला. पण हे सगळं झालं नसतं तर ‘सारडाम’ बळकावलं गेलं असतं, आणि बेटांवर काय घडलं ते सांगायलाही कुणी उरलं नसतं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.